जीआय बिलातून वैमानिक प्रशिक्षण : डॉलरचा आणि महिन्यांचा हिशेब

वातकुक्कुट (धागाकर्ता)

गेल्या वर्षभरात निदान दहा मराठी माणसांनी मला फोन करून किंवा निरोप पाठवून या विषयावर विचारले, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी मूळचा सांगलीचा. एमएस करायला अमेरिकेत आलो आणि हिंदी भाषेच्या आधारे ‘मॅव्हनी’ योजनेतून, म्हणजे लष्कराला हव्या असलेल्या भाषा येणाऱ्या परदेशी नागरिकांना भरती करून घेणाऱ्या योजनेतून, २०१५ साली अमेरिकी लष्करात भरती झालो. चार वर्षे सक्रिय सेवा केली, तीही बहुतेक गोदामात आणि ट्रकच्या ताफ्यांत. त्यामुळे लष्करात असताना मी विमान चालवले असेल असा कोणाचा समज असेल तर तो आधीच दूर करतो. सेवेतून बाहेर पडताना माझ्या हाती आले ते ‘पोस्ट ९/११ जीआय बिल’, म्हणजे सेवा केलेल्या सैनिकाला सरकारी पैशाने छत्तीस महिन्यांच्या शिक्षणाचा हक्क. ३६ महिने किंवा त्याहून अधिक सक्रिय सेवा झाली असेल तर हा हक्क शंभर टक्के मिळतो आणि त्याहून कमी सेवेला पायरीपायरीने पन्नास टक्क्यांपर्यंत उतरतो. १ जानेवारी २०१३ नंतर सेवामुक्त झालेल्यांना तो वापरण्यासाठी कालमर्यादा नाही. २०१७ च्या कायद्याने जुनी पंधरा वर्षांची अट काढून टाकली.

आता मूळ मुद्दा. या पैशातून विमान चालवायला शिकण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत आणि लोकांची पहिली चूक या दोन वाटांची सरमिसळ करण्यात होते. एक वाट नुसत्या फ्लाइट स्कूलची, जिथे पदवी नसते, फक्त परवाने आणि रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा पात्रता, मिळतात. दुसरी वाट महाविद्यालयाची, जिथे उड्डाण हा पदवीच्या अभ्यासक्रमाचाच आवश्यक भाग असतो.

मी पहिल्या वाटेने गेलो. या वाटेवर खासगी वैमानिकाचा पहिला परवाना, ज्याला सगळे नुसते ‘प्रायव्हेट’ म्हणतात, तो स्वतःच्या खिशातून काढावा लागतो. माजी सैनिक खाते, म्हणजे व्हीए, त्याच्या पुढच्या टप्प्यांसाठी पैसे देते, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे दिसत नसताना केवळ उपकरणांवर उडण्याची पात्रता), कमर्शियल (मोबदला घेऊन उडण्याचा परवाना), इन्स्ट्रक्टर वगैरे. अभ्यासक्रम सुरू होतो त्या दिवशी हातात प्रायव्हेट परवाना आणि दुसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असावे लागते. एटीपी या सर्वोच्च परवान्याच्या अभ्यासक्रमाला जायचे असेल तर पहिल्या वर्गाचे. शिवाय शाळा एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या, ‘पार्ट १४१’ या ठरीव अभ्यासक्रमाच्या नियमांखाली मान्यताप्राप्त हवी. पार्ट ६१ या मोकळ्या नियमांखाली शिकवणारा इन्स्ट्रक्टर कितीही गुणी असला तरी व्हीए त्याला एक छदामही देत नाही.

या वाटेला वार्षिक मर्यादा आहे. २०२४-२५ साठी ती सुमारे १६,५३५ डॉलर होती. हे वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. घरभाडे भत्ता मिळत नाही आणि पुस्तकांचे पैसेही मिळत नाहीत. आणि वर्षाची पूर्ण मर्यादा वापरली की छत्तीसपैकी बारा महिने खात्यातून वजा होतात, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. विमान तुम्ही चार महिनेच चालवले असले तरी हिशेब बारा महिन्यांचाच. म्हणजे १६,५३५ भागिले बारा, साधारण १,३७८ डॉलरला एक महिना. माझ्या शाळेत सेस्ना १७२ आणि इन्स्ट्रक्टर मिळून तासाला २३५ डॉलर पडत, तेव्हा एक तास उडालो की माझ्या हक्कातले पाच दिवस गेले.

विमानात हॉब्स मीटर असतो. इंजिन सुरू असेपर्यंत तो चालतो आणि तासाच्या दशांशात, म्हणजे सहासहा मिनिटांनी, आकडा बदलतो. मागच्या ऑक्टोबरात ऑस्टिनच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळावर मी धावपट्टीच्या अलीकडे थांबलो होतो, कारण समोरून एकामागून एक तीन विमाने उतरायची होती. उन्हाने काच तापली होती, इन्स्ट्रक्टर खिडकी किलकिली करून वारा घेत होता आणि त्या मीटरवर शेवटचा आकडा ३ वरून ४ वर सरकला. म्हणजे जागचे न हलता अर्धा दिवस संपला! आता उडताना मी त्या मीटरकडे पाहत नाही.

कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे. जे मी स्वतः केले आहे किंवा कागदावर वाचले आहे तेवढेच सांगेन.

---

निवांत_एडिसनकर

अतिशय उपयुक्त माहिती. माझा मुलगा एअर फोर्समध्ये विमानांच्या देखभालीच्या कामावर आहे. त्याची सहा वर्षे पुढच्या वर्षी पूर्ण होतील आणि त्याला एअरलाइनमध्ये वैमानिक व्हायचे आहे. तो म्हणतो, "बाबा, सगळे जीआय बिलात बसते, तुम्ही काळजी करू नका." मी मात्र आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केले आहे आणि ‘सगळे बसते’ या शब्दांची मला धास्ती वाटते. त्याच्याकडे पदवी नाही. अशा मुलाने आपल्या मते कोणती वाट धरावी? आणि प्रायव्हेटचे पैसे व्हीए का देत नाही, हे मला खरोखर समजले नाही. पहिलीच पायरी गाळून दुसरीचे पैसे द्यायचे, हा कुठला न्याय?

---

वातकुक्कुट

एडिसनकर काका, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या मागे इतिहास आहे. मूळ जीआय बिलावर राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केली. युद्धाहून परतलेल्या सैनिकांनी त्या पैशातून असंख्य गोष्टी शिकून घेतल्या, त्यांत विमान चालवणेही होते, आणि त्यातले बरेचसे निव्वळ हौसेचे होते. म्हणून १९४८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, हौसेच्या आणि करमणुकीच्या अभ्यासक्रमांना पैसे देण्यावर बंधन घातले. प्रायव्हेट परवान्यावर मोबदला घेऊन उडता येत नाही, मित्रांना रविवारी फिरवून आणता येते. त्यामुळे कायद्याच्या नजरेत तो परवाना अजूनही हौसेच्या बाजूला पडतो, आणि स्वतःचे पैसे घालून तो मिळवणारा माणूस पुढे व्यवसायाच्या दृष्टीने गंभीर आहे असे धरले जाते. मला हे तर्कशास्त्र पटते, पण प्रायव्हेटला माझे सोळा हजार डॉलर गेले तेव्हा पटत नव्हते.

मुलाकडे पदवी नसेल तर माझे मत स्पष्ट आहे. त्याने महाविद्यालयाची वाट धरावी. उड्डाण पदवीचा आवश्यक भाग असेल तर प्रायव्हेटचा खर्चही त्यात येतो, आणि सरकारी विद्यापीठात त्या राज्यातल्या विद्यार्थ्याला लागणारी पूर्ण फी, उड्डाणशुल्कासकट, व्हीए भरते. ग्रँड फोर्क्सचे नॉर्थ डकोटा विद्यापीठ हे याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण. खासगी विद्यापीठाला मात्र वार्षिक मर्यादा आहे, २०२४-२५ साठी ती सुमारे २८,९३७ डॉलर होती. एम्ब्री-रिडलसारख्या खासगी विद्यापीठात फी आणि उड्डाण मिळून तिच्या बरेच पुढे जाते. वरची रक्कम भरून काढायला ‘यलो रिबन’ नावाची योजना आहे, तिच्यात विद्यापीठ काही भाग सोडते आणि तेवढाच व्हीए घालते, पण त्यासाठी शंभर टक्क्यांची पायरी लागते आणि प्रत्येक विद्यापीठाच्या अटी वेगळ्या असतात.

त्याशिवाय अर्ध्याहून अधिक वेळाचा विद्यार्थी असेल तर घरभाडे भत्ता मिळतो. महाविद्यालयाच्या पिनकोडनुसार, कुटुंब असलेल्या ई-५ हुद्द्याच्या सैनिकाला जेवढा मिळतो तेवढा. म्हणजे ज्या एका महिन्यात मला १,३७८ डॉलरचे उड्डाण मिळते, त्याच एका महिन्यात तुमच्या मुलाला फी, उड्डाण आणि वर भाडे मिळेल. महिना तोच, पण त्याचे मोल कितीतरी जास्त.

---

सुकाणू

मी ॲरिझोनात इन्स्ट्रक्टर आहे आणि माझे बरेच विद्यार्थी माजी सैनिक असतात. धागाकर्त्याने लिहिलेले योग्यच आहे, त्यात माझी भर घालतो.

एअरलाइनमध्ये जायचे असेल तर उडालेल्या तासांचा हिशेब पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे ३४०७ हे विमान कोसळले, त्यानंतर काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही एटीपी, म्हणजे साधारण १,५०० तास, आवश्यक झाले. त्याला सवलती आहेत. लष्करी वैमानिकाला ७५० तास पुरतात, मान्यताप्राप्त संस्थेतून विमानचालनातली चार वर्षांची पदवी असेल तर १,०००, आणि दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल तर १,२५०. नुसत्या फ्लाइट स्कूलमधून आलेल्याला पूर्ण १,५०० करावे लागतात. कमर्शियल झाल्यावर हे तास बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होऊन भरतात आणि त्या नोकरीत महिन्याला सत्तर-ऐंशी तास मिळाले तरी नशीब समजायचे. हवामान, विमानाची दुरुस्ती, विद्यार्थ्याची सर्दी, सगळे त्यातून वजा होते. पाचशे तासांची सवलत म्हणजे माझ्या हिशेबाने किमान सहा-सात महिन्यांचे आयुष्य. एडिसनकरांनी हे मुलाला आवर्जून सांगावे.

दुसरे, शाळेच्या दारावर ‘जीआय बिल स्वीकारले जाते’ अशी पाटी असली म्हणून भुलू नये. मान्यता शाळेला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक असते. आणि ज्या अभ्यासक्रमात ८५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी व्हीएच्या किंवा संस्थेच्याच पैशावर शिकत असतील, तिथे नव्या माजी सैनिकाला प्रवेश मिळत नाही. हा नियम कित्येकांना प्रवेशाच्या दिवशी कळतो.

---

वातकुक्कुट

सुकाणू, पाटीचा उल्लेख केलात आणि माझी जखम उघडी केलीत. मी ज्या पहिल्या शाळेत गेलो तिथे अशीच मोठी पाटी होती. प्रायव्हेट तिथेच केले, मग इन्स्ट्रुमेंट सुरू केले, आठ तास उडालो, आणि तेव्हा कळले की त्यांच्या इन्स्ट्रुमेंट अभ्यासक्रमाला मान्यताच नव्हती. कमर्शियलला होती. कार्यालयातल्या बाईंनी "अहो, अर्ज गेला आहे, येईलच," असे चार आठवडे सांगितले. ते १,९०० डॉलर माझे मलाच भरावे लागले. टेक्सासात या मान्यतेचे काम टेक्सास व्हेटरन्स कमिशनकडे असते. एक फोन आधी केला असता तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते. प्रत्येक राज्यात असे एक कार्यालय असते, त्याला विचारावे, शिवाय व्हीएच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव घालून पाहावे.

---

काटकोन

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मी येथे कर भरतो. एका माणसाच्या वैमानिक होण्यावर सरकारने लाखभर डॉलर खर्च करावेत आणि त्याच वेळी परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या माजी सैनिकाला त्याच्या निम्मेही लागू नयेत, हे मला खटकते. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने हेलिकॉप्टर शाळांवर लिहिले होते, ते मला आठवते. सरकारी कॉलेजशी करार करून या शाळा एकेका विद्यार्थ्यामागे अडीच लाख डॉलरच्या पुढची बिले व्हीएला लावत होत्या, कारण त्या वाटेला मर्यादाच नव्हती. आपण ज्या ‘महाविद्यालयाच्या वाटे’ची शिफारस करता आहात, ती हीच ना?

---

वातकुक्कुट

काटकोन, राग कसला, प्रश्न रास्त आहे. वाट तीच आहे, आणि तिचा गैरवापर झाला हेही खरे आहे. सरकारी कॉलेजची पूर्ण फी भरायची, हा नियम करताना प्राध्यापकांची आणि वर्गखोल्यांची फी डोळ्यांसमोर होती. हेलिकॉप्टरचे तासाचे भाडेही ‘फी’ म्हणून लावता येईल हे ज्यांच्या लक्षात आले त्यांनी आपली धन करून घेतली. त्यातून ज्या सैनिकांचे महिने संपले आणि हेलिकॉप्टरची नोकरीही मिळाली नाही, ते माझ्या मते करदात्यांपेक्षा अधिक फसवले गेले. या वाटेलाही मर्यादा घालण्याचे प्रस्ताव काँग्रेसमध्ये आले होते आणि मर्यादा असावी असे माझेही मत आहे. तरीही विमानाची पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला त्याच तागडीत घालू नये. परिचारिकेच्या अभ्यासाला खर्च कमी लागतो म्हणून तिला कमी मिळते, तिचा हक्क कोणी कमी केलेला नाही.

---

मेघना_सॅनडिएगो

माझे पती नौदलात आहेत आणि त्यांनी आपल्या हक्कातले अठरा महिने माझ्या नावावर केले आहेत. शिकण्याची इच्छा माझी आहे, त्यांना विमानात बसल्यावर पोटात गोळा येतो. मला हे महिने उड्डाणासाठी वापरता येतील का, आणि ते सेवेत असताना वापरणे शहाणपणाचे आहे का?

---

सुकाणू

मेघनाताई, वापरता येतील, अटी त्याच. पण ते सक्रिय सेवेत असेपर्यंत जोडीदाराला घरभाडे भत्ता मिळत नाही, कारण तो त्यांना पगारात मिळतच असतो. फ्लाइट स्कूलच्या वाटेने जाणार असाल तर तिथे तो भत्ता कोणालाच नसतो, त्यामुळे थांबण्यात तुमचा काही लाभ नाही. पदवीच्या वाटेने जाणार असाल तर त्यांच्या निवृत्तीची तारीख डोळ्यांसमोर ठेवा. या धाग्यावरच्या इतर वाचकांसाठी लिहितो की महिने नावावर करण्याचे काम सेवेत असतानाच करावे लागते. सहा वर्षे झालेली असावी लागतात आणि पुढची चार वर्षे कबूल करावी लागतात. बाहेर पडल्यावर कितीही हात जोडले तरी होत नाही.

---

निवांत_एडिसनकर

मुलाशी काल बोललो. पदवीच्या वाटेचे त्याला पटले आहे असे दिसते, म्हणजे त्याने वाद घातला नाही. पण बोलता बोलता त्याने सांगितले की त्याच्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो, हँगरमध्ये इंजिनांच्या शेजारी काम केल्यामुळे, आणि पाठीचेही दुखणे आहे. बाहेर पडताना तो व्हीएकडे अपंगत्वाचा दावा करणार आहे. त्याच्या एका मित्राने त्याला सल्ला दिला की दावा कर, पण वैमानिकाच्या वैद्यकीय अर्जात त्याचा उल्लेख करू नकोस, दोन खात्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मला हा सल्ला ऐकून झोप लागली नाही.

---

सुकाणू

काका, तुमची झोप योग्य कारणासाठी उडाली. तो मित्र दहा वर्षांपूर्वीचा सल्ला देतो आहे आणि तो तेव्हाही चूकच होता. एफएएच्या वैद्यकीय अर्जात अपंगत्वाचे लाभ मिळतात का, असा थेट प्रश्न असतो आणि त्याचे खोटे उत्तर देणे हा केंद्रीय गुन्हा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली की व्हीएकडून लाभ घेणाऱ्या, पण ते एफएएला न सांगणाऱ्या जवळजवळ पाच हजार वैमानिकांची चौकशी चालू आहे. दोन्ही खात्यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या गेल्या होत्या.

कानातला आवाज हे तर माजी सैनिकांच्या दाव्यांतले सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. माझ्या परिचयाच्या कितीतरी वैमानिकांना त्यासाठी लाभ मिळतो, ते तो अर्जात लिहितात आणि पहिल्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर उडतात. आजार लिहिल्याने काम लांबते, लपवल्याने संपते. मानसिक आजार किंवा त्यावरची औषधे असतील तर मात्र महिनोन्महिने कागदपत्रे चालतात. म्हणून माझा आग्रह असा की विद्यापीठाचा अर्ज करण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि तीही पहिल्या वर्गाची, जरी तेव्हा तिची गरज नसली तरी. दोन वर्षांचे हक्काचे महिने संपल्यावर आपण एअरलाइनला पात्र नाही असे कळलेला एक मुलगा मी पाहिला आहे. तो विमान फार सुंदर उतरवायचा.

---

वातकुक्कुट

याच्याशी पूर्ण सहमत.

फ्लाइट स्कूलच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट राहिली होती. पार्ट १४१ मध्ये इन्स्ट्रुमेंटला किमान ३५ तास लागतात आणि कमर्शियलला १२०. आमच्या दराने कमर्शियल चोवीस हजारांच्या आसपास जाते, म्हणजे एका वर्षाच्या मर्यादेत बसत नाही. मी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या शाळेत इन्स्ट्रुमेंट सुरू केले, जानेवारीत संपवले, त्यात साडेनऊ हजार गेले. उरलेल्या सात हजारांवर लगेच कमर्शियल सुरू केले आणि ते पैसे एप्रिलअखेर संपले. मे ते जुलै जमिनीवरचा अभ्यास केला, लेखी परीक्षा दिली, हाताची सवय राहावी म्हणून स्वतःच्या पैशाने पंधरवड्यातून एकदा उडालो, आणि १ ऑगस्टला नव्या वर्षाची मर्यादा उघडल्यावर राहिलेले तास पुरे केले. कमर्शियल असे दोन वर्षांच्या सीमेवर ठेवले नसते तर सात-आठ हजार खिशातून गेले असते. पैसे प्रत्यक्ष उडालेल्या तासांवर, महिन्याच्या शेवटी शाळेने प्रमाणित केल्यावर येतात, म्हणून शाळा आगाऊ मोठी रक्कम मागत असेल तर दहादा विचार करावा.

ज्यांनी जुन्या ‘माँटगोमेरी’ जीआय बिलासाठी पगारातून महिना शंभर याप्रमाणे बाराशे डॉलर कापून दिले असतील आणि सेवेचे दोन स्वतंत्र कालखंड असतील, त्यांनी एप्रिल २०२४ चा रुडिसिल खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जरूर पाहावा. दोन्ही बिले मिळून ४८ महिन्यांपर्यंत हक्क त्यांना मिळू शकतो. माँटगोमेरीत उड्डाणशुल्काचे साठ टक्केच मिळतात, पण वरचे बारा महिने फुकट सोडण्यासारखे नाहीत.

आणि एडिसनकर काका, मला कोणी विचारले की हेच पुन्हा करायचे झाले तर काय करशील, तर पुण्याची इंजिनिअरिंगची पदवी असतानाही मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात विमानचालनाची असोसिएट पदवी घेतली असती. ‘आपल्याकडे पदवी आहे, पुन्हा कशाला वर्गात बसायचे’ या तोऱ्यात ती वाट मी पाहिलीसुद्धा नाही. माझे जवळजवळ चोवीस महिने गेले, घरभाड्याचा एक डॉलर मिळाला नाही, आणि पुढे १,५०० तास पूर्ण करायचे आहेत.

---

निवांत_एडिसनकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलगा दोन दिवसांच्या रजेवर घरी आला आहे. काल रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक ठेवून आम्ही दोघांनी वैद्यकीय अर्ज नुसता वाचून काढला. अपंगत्वाच्या लाभाच्या प्रश्नाशी तो बराच वेळ थांबला, मग म्हणाला, "दावा मंजूर झाला की इथे होय येणार." मी म्हटले, येऊ दे. पहिल्या वर्गाची तपासणी करणारे एक डॉक्टर वीस मैलांवर आहेत, त्यांनी फोनवर सांगितले की लष्करातल्या कानांच्या तपासण्यांचे सगळे जुने कागद सोबत आणा. ते कागद गॅरेजमधल्या तीन खोक्यांपैकी एकात आहेत. आज जेवणानंतर शोधायला बसणार आहोत.